हरवलेलीं शस्त्रें आणि शेजारचीं माणसें

भिवंडीच्या वाटेवर अंजूर फाटा नांवाचा एक नाका लागतो. आज तेथें उभें राहिलें तर मालमोटारींची रांग आणि आसपास पसरलेलीं गुदामें यांपलीकडे फारसें कांहीं नजरेस पडत नाहीं. परंतु ज्या अंजूर गांवाचें नांव हा नाका मिरवितो, तें मराठ्यांच्या इतिहासांत गंगाजी नाईक अंजूरकर व त्यांचे बंधू यांच्यामुळें प्रसिद्धीस आलें. फिरंगी अंमलाचा जाच सोसलेल्या या घराण्यानें पुण्यास पेशव्यांकडे धांव घेतली आणि उत्तर कोंकणांत मोहीम काढण्याविषयीं खटपट केली. ‘साष्टीची बखर’ या नांवाच्या वृत्तांतांत त्यांच्या कामगिरीची हकीकत आलेली आहे. इ. स. १७३७ च्या मार्च अखेरीस मराठ्यांनीं ठाणें घेतलें, तेव्हां तेथील कोटाचें बांधकाम पुरें झालेलें नव्हतें. ही संधि साधतां आली ती गंगाजी नाइकांसारख्या स्थानिक मंडळींनीं आधींच टेहळणी करून, माणसें जोडून, बातमी काढून ठेविली होती म्हणून. भिंतीआड काय आहे हें प्रथम जाणून घ्यावें आणि मग पाऊल टाकावें, हा त्यांच्या खटपटीचा पाया होता.

त्याच मोहिमेचा शेवट १७३९ सालीं वसईच्या तटाखालीं झाला. चिमाजी आप्पांच्या फौजेनें बुरुजांखालीं सुरुंग खणले, दारू ठासली व बत्ती दिली. कांहीं सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडलें, आणि मराठे हर हर महादेव म्हणत आंत धांवले. इतक्यांत मागें राहिलेला सुरुंग उशिरानें उडाला आणि खिंडारांत शिरलेलीं आपलींच माणसें त्यांत सांपडलीं. पुढें वसई पडली, विजय झाला, परंतु त्या सुरुंगाखालीं गेलेल्यांना तो पाहावयास मिळाला नाहीं.

आजच्या भाषणाचा विषय मला या प्रसंगावरून सुचला. शस्त्र कोणाच्या हातीं आहे याविषयीं इतिहासकार पुष्कळ लिहितात. तें हातचें सुटल्यावर काय होतें, कोणाच्या दाराशीं जाऊन पडतें, आणि त्या दाराआडच्या माणसाला त्याविषयीं कोणीं कांहीं सांगितलेलें असतें काय, हा प्रश्न मात्र बहुधा मागेंच राहतो. आमच्या पिढीनें तर हरवलेल्या अणुबाँबच्या वार्ता ऐकिल्या आहेत. त्या ऐकतांना हें संकट परक्यांचें, दूर देशींचें, असें आपणांस वाटतें. पण ज्या मुंबईच्या गोदींत आपल्यापैकीं अनेकांचे वाडवडील नोकरीस होते, तिनें अणुबाँबचा जगांत जन्म होण्याच्या आधीं वर्ष सवा वर्ष या प्रश्नाचें उत्तर आपल्या रक्तानें लिहून ठेविलें आहे.

तारीख होती १४ एप्रिल १९४४. दुसरें महायुद्ध चालू होतें. ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाचें सात हजार टनांचें जहाज इंग्लंडांतील बर्कनहेड बंदरांतून फेब्रुवारीअखेर निघून कराचीमार्गें १२ एप्रिल रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत लागलें होतें. त्याच्या पोटांत सुमारें १४०० टन स्फोटकें होतीं. त्यांत तोफगोळे, पाणसुरुंग, पाणतीर असें सर्व कांहीं होतें, आणि त्यांतील सुमारें २४० टन तर अत्यंत नाजूक जातीचीं, जराशा धगीनें भडकणारीं होतीं. त्याच जहाजावर पेट्यांत भरलेलीं लढाऊ विमानें होतीं. ३१ पेट्यांतून सोन्याच्या १२४ लगडी होत्या. कराचीस त्यावर कापसाचे हजारों गठ्ठे, तेलाचीं पिंपें, लांकूड, गंधक व भंगार लोखंड असा माल चढला. कापूस, तेल आणि दारूगोळा एका जहाजांत भरणें म्हणजे काय, हें समजावयास दर्यावर्दीच असावें लागतें असें नाहीं. आपल्या घरांतली कोणतीहि गृहिणी रॉकेलच्या डब्याशेजारीं चूल मांडीत नाहीं. जहाजाचे कप्तान नेस्मिथ यांना हा माल पसंत नव्हता. परंतु युद्धाची निकड मोठी आणि जहाजें थोडीं, म्हणून तो भरला गेला.

स्फोटकें वाहणाऱ्या जहाजानें लाल निशाण लावावें, म्हणजे बंदरांतील इतरांनीं सावध राहावें, असा जुना प्रघात आहे. त्या दिवशीं ‘फोर्ट स्टिकीन’वर लाल निशाण नव्हतें. असा माल भर गोदींत न आणतां बाहेर खोल पाण्यांत पडावांतून उतरवून घ्यावा, ही खबरदारीहि युद्धाच्या घाईंत ढिली पडली होती. त्यामुळें शेजारच्या जहाजांवरील खलाशी, धक्क्यावरील हमाल, गुदामांतील कारकून आणि गोदीच्या भिंतीपलीकडे मांडवी व मशीद बंदरच्या गल्ल्यांतून राहणारीं हजारों कुटुंबें यांना आपल्या शेजारीं काय येऊन उभें राहिलें आहे याची गंधवार्ताहि नव्हती.

दुपारीं दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारांतून धूर निघतांना दिसला. तेथें खालीं कापूस होता आणि वर स्फोटकें. बंब आले, पाण्याचे झोत सुरू झाले. दोन तासांत नऊशें टनांवर पाणी त्या कोठारांत ओतलें गेलें, तरी आग सांपडेना. कापसाच्या गठ्ठ्याची आग आंतल्या आंत धुमसते, वरून ओतलेलें पाणी तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. जहाजाचा पत्रा लालबुंद होऊं लागला, पाणी उकळूं लागलें.

या दोन तासांत काय करतां आलें असतें? जहाज ओढून बाहेर समुद्रांत नेतां आलें असतें, किंवा तेथल्या तेथें बुडवितां आलें असतें. दोन्ही उपाय बोलले गेले. पण जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचे अधिकारी आणि बंबाचे अधिकारी यांच्यापैकीं अखेरचा शब्द कोणाचा, हेंच ठरलेलें नव्हतें. प्रत्येकाजवळ थोडी माहिती आणि थोडा अधिकार होता, पुरी माहिती व पुरा अधिकार एकाहि जवळ नव्हता. आजूबाजूचा भाग मोकळा करा, माणसें दूर न्या, अशी दवंडी कोणीं पिटली नाहीं. उलट आगीचा तमाशा पाहावयास माणसें धक्क्यावर जमत होतीं.

चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आंत, चार वाजून चौतीस मिनिटांनीं, दुसरा झाला, तो पहिल्याहूनहि भयंकर. सिमल्याच्या वेधशाळेंतील भूकंपमापकावर या धक्क्यांची नोंद झाली. ‘जलपद्म’ नांवाचें चार हजार टनांचें जहाज पाण्यांतून उचललें जाऊन त्याचा मागचा भाग धक्क्यावरील गुदामावर जाऊन पडला. डझनभराहून अधिक जहाजें बुडालीं किंवा निकामी झालीं. जळत्या कापसाचे बोळे व तापलेलें लोखंड यांचा वर्षाव शहरावर झाला, धान्याच्या वखारी पेटल्या, आणि आग आटोक्यांत येण्यास कित्येक दिवस लागले. मृतांचा आंकडा निरनिराळ्या हिशेबांत आठशें ते तेराशें दिलेला आहे. सुमारें ऐंशीं हजार लोक बेघर झाले. आग विझवितांना ६६ बंबवाले जागच्या जागीं ठार झाले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आज साऱ्या देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. गोदी पुन्हां सुरळीत चालू करण्यासाठीं हजारों माणसांना महिनोगणती राबावें लागलें.

श्रोतेहो, आपण हें भाषण आकाशवाणीवर ऐकत आहां, म्हणून या हकीकतींतील एक गोष्ट आपणांस विशेष सांगण्यासारखी आहे. या अनर्थाची सविस्तर वार्ता जगाला प्रथम कोणीं दिली? जपान्यांच्या ताब्यांत असलेल्या सायगांव रेडिओनें, आणि तीहि दुसऱ्याच दिवशीं, १५ एप्रिलला. आमच्या सरकारनें वार्ताहरांना बातमी बाहेर पाठविण्याची परवानगी दिली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत. ज्या शत्रूपासून गुपित राखावयाचें तो तें सांगून मोकळा झाला, आणि ज्यांचीं घरें जळलीं त्यांना मात्र आपल्या संकटाचें अधिकृत वर्तमान महिनाभर मिळालें नाहीं. मग त्या महिन्यांत शहरांत अफवांचें पीक आलें असल्यास त्यांत नवल कसलें?

जहाजावरचें सोनें आभाळांतून घराघरांवर येऊन पडलें. एक लगड तर एका पारशी गृहस्थाच्या घराचें छप्पर फोडून आंत आली. त्या सज्जनानें ती सरकारजमा केली आणि मिळालेलें बक्षीस आपद्ग्रस्तांच्या मदतीस दिलें. पुढें गोदींतील गाळ काढतांना आणखी लगडी मिळत गेल्या. सोन्याबरोबर दारूगोळाहि त्या गाळांत रुतून बसला होता. २०११ सालीं, म्हणजे स्फोटास ६७ वर्षें लोटल्यावर, एक जिवंत तोफगोळा तेथें सांपडला व नौदलाला तो निकामी करावा लागला. हरवलेलें शस्त्र आपलें वय विसरतें, पण आपला धर्म विसरत नाहीं.

आतां अणुयुगाकडे वळूं. १२ मार्च १९४४ रोजीं, म्हणजे गोदींतील स्फोटाच्या अवघा महिनाभर आधीं, डॉ. होमी भाभा यांनीं सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत भौतिक संशोधनासाठीं एक संस्था काढण्याची सूचना केली होती. त्या पत्रांतून टाटा संशोधन संस्था व पुढें तुर्भ्याचें अणुकेंद्र उभें राहिलें. दारूगोळ्याच्या युगाचा एक भीषण अध्याय आणि अणुयुगाचा भारतांतील आरंभ हे एकाच शहरांत, एकाच वसंत ऋतूंत घडले.

‘फोर्ट स्टिकीन’चा माल डोळ्यांना दिसण्याजोगा तरी होता. अणुबाँब एका विमानाच्या पोटांत मावतो, आणि विमानें पडतात. १९५० ते १९८० या काळांत आपल्या अण्वस्त्रांना झालेल्या ३२ मोठ्या अपघातांची यादी अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें स्वतःच दिलेली आहे. ५ फेब्रुवारी १९५८ रोजीं जॉर्जिया प्रांताच्या किनाऱ्यावर दोन लष्करी विमानांची आकाशांत टक्कर झाली, तेव्हां वैमानिकानें विमान सुखरूप उतरावें म्हणून सुमारें साडेतीन टनांचा बाँब टायबी बेटाजवळ समुद्रांत टाकून दिला. दोन महिने शोध झाला, बाँब मिळाला नाहीं. त्यांत अणुस्फोट घडविणारा गाभा बसविलेला नव्हता, असें हवाई दलाचें म्हणणें आहे. २००१ सालीं पुनर्विचार होऊन तो आहे तेथेंच राहूं द्यावा असें ठरलें. तो अद्यापि तेथील चिखलांत आहे.

१७ जानेवारी १९६६ रोजीं स्पेनच्या पालोमारेस गांवावर याहून वाईट प्रसंग आला. हवेंतल्या हवेंत इंधन भरून घेतांना दोन अमेरिकन विमानें एकमेकांवर आदळलीं व चार हायड्रोजन बाँब खालीं आले. तीन जमिनीवर पडले. त्यांपैकीं दोहोंतील साधी स्फोटक दारू उडाली आणि प्लुटोनियमची भुकटी शेतांवर पसरली. चवथा समुद्रांत गेला, व एका कोळ्यानें आपण छत्री पाण्यांत उतरतांना पाहिली ती जागा दाखविल्यावर, शोधाशोधीनंतर ७ एप्रिलला वर काढण्यांत आला. अणुस्फोट झाला नाहीं, ही दैवाची कृपा म्हणा किंवा रचनाकारांची दक्षता म्हणा. परंतु बाँब हरवला आहे हें उघडपणें मान्य करावयास सरकारला कित्येक आठवडे लागले, आणि टोमॅटो पिकविणाऱ्या त्या गांवकऱ्यांना आपल्या मातींत काय मिसळलें आहे हें कळावयास त्याहूनहि अधिक काळ लागला. दूषित माती पिंपांत भरून अमेरिकेस नेली, तरी कांहीं उरलीच. ती हालविण्याविषयीं दोन्ही सरकारांत २०१५ सालीं पुन्हां बोलणें झालें.

आपल्या देशांत अणुबाँब हरवला नाहीं, परंतु त्याच जातीचें द्रव्य हरवलें. चीननें १६ ऑक्टोबर १९६४ रोजीं पहिला अणुस्फोट केला. त्या चांचण्यांवर नजर ठेवण्यासाठीं अमेरिकन व भारतीय गुप्तचर खात्यांनीं मिळून १९६५ च्या शरद् ऋतूंत नंदादेवीच्या शिखराजवळ एक टेहळणीयंत्र बसविण्याची गुप्त मोहीम काढली. भारतीय तुकडीचे प्रमुख होते त्याच वर्षीं एव्हरेस्ट मोहीम यशस्वी करणारे कॅप्टन मनमोहनसिंग कोहली. त्या यंत्राला वीज पुरविणारें जनित्र प्लुटोनियमवर चालणारें होतें. तें शस्त्र नव्हे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. अणुबाँबसारखा त्याचा स्फोट होत नाहीं. परंतु प्लुटोनियम हें द्रव्य श्वासावाटे शरीरांत गेलें असतां अत्यंत घातक असतें. वादळामुळें शिखर गांठतां येईना, म्हणून सुमारें २४,००० फुटांवर तें यंत्र खडकाला बांधून मंडळी खालीं उतरली. १९६६ च्या वसंतांत परत जाऊन पाहतात तों हिमकडा कोसळून सर्व कांहीं नाहींसें झालेलें. पुढील दोन वर्षें शोध चालला. जनित्र मिळालें नाहीं.

त्या बर्फाचें पाणी ऋषिगंगेंत येतें, तेथून धौलीगंगेंत, अलकनंदेंत आणि अखेर गंगेंत. त्या पाण्यावर जगणाऱ्या माणसांना या गोष्टीची वार्ता कळली ती बारा वर्षांनीं, १९७८ सालीं, आणि तीहि एका अमेरिकन मासिकांतून. त्यानंतर एप्रिल १९७८ मध्यें पंतप्रधान मोरारजी देसाई यांनीं लोकसभेंत ती गोष्ट मान्य केली आणि शास्त्रज्ञांची समिति नेमली. आत्माराम हे तिचे अध्यक्ष होते, आणि तुर्भ्याच्या अणुकेंद्राशीं ज्यांचें आयुष्य निगडित होतें ते होमी सेठना व राजा रामण्णा हे तिचे सभासद होते. पाण्याच्या व मातीच्या नमुन्यांत दूषण आढळलें नाहीं, असा निर्वाळा समितीनें दिला आणि पुढेंहि लक्ष ठेवावें अशी शिफारस केली. निर्वाळा प्रामाणिक होता, परंतु तो बारा वर्षें उशिरा आला. ७ फेब्रुवारी २०२१ रोजीं ऋषिगंगेस प्रलय आला व सुमारें दोनशें माणसें दगावलीं वा बेपत्ता झालीं, तेव्हां रैणी गांवच्या लोकांना प्रथम त्या हरवलेल्या यंत्राचीच शंका आली. शास्त्रज्ञांनीं तपास करून, डोंगराचा प्रचंड कडा बर्फासह तुटून आल्यानें पूर आला, असें दाखवून दिलें. तें खरें आहे. पण ज्याला एकदां अंधारांत ठेविलें त्याला पुढें उजेड दाखविला तरी तो डोळे किलकिले करूनच पाहतो. हा दोष गांवकऱ्यांचा नव्हे.

येथें कोणी म्हणेल, राष्ट्राच्या संरक्षणांत गुप्तता पाळावीच लागते. हें म्हणणें मला मान्य आहे. गंगाजी नाइकांनीं आपली खटपट चव्हाट्यावर मांडली असती तर ठाणें हातीं लागलें नसतें. परंतु गुपित कोणापासून ठेवावयाचें याचा विवेक हवा. जहाज कोणत्या तारखेस निघालें हें शत्रूला कळूं नये, हें समजूं शकतें. त्याच्या पोटांत काय आहे हें आग विझविणाऱ्याला बंब जोडण्यापूर्वीं कळूं नये, हें कोणत्याहि युद्धशास्त्रांत बसत नाहीं. १९४४ सालीं ६६ माणसांनीं प्राण दिले ते धैर्य कमी पडलें म्हणून नव्हे. माहिती, अधिकार आणि इशारा या तीन गोष्टी त्यांच्यापर्यंत वेळेवर पोंचल्या नाहींत.

हा धडा कायद्यांत यावयास आणखी चाळीस वर्षें आणि भोपाळचा अनर्थ लागला. १९८४ च्या त्या काळरात्रीनंतर, १९८७ सालीं, कारखान्यांच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन धोक्याच्या प्रक्रिया चालविणाऱ्या मालकानें कामगारांना व आसपासच्या रहिवाशांना धोक्याची माहिती दिलीच पाहिजे असें ठरलें. १९८९ च्या नियमांनीं घातक रसायनांच्या सांठ्यांसाठींहि तशी जबाबदारी घातली. कायदा कागदावर उत्तम आहे. तो दारावर लागलेला दिसतो काय, एवढेंच पाहावयाचें.

म्हणून अखेरीस पुन्हां अंजूर फाट्याशीं येतों. भिवंडीच्या त्या गुदामांत देशभरचा माल येतो: कापड, धान्य, यंत्रें, कागद आणि कांहीं ठिकाणीं रसायनेंहि. अणुबाँब तेथें नाहीं, हें उघड आहे, आणि भय दाखवावें असा माझा हेतु नाहीं. पण आग लागल्यावर बंबवाला दारांत उभा राहून जो पहिला प्रश्न विचारतो तो गोदींतल्या १४ एप्रिलचाच असतो: आंत काय आहे? त्याचें उत्तर धूर निघण्यापूर्वीं पाटीवर लिहिलेलें असावें, बंबखान्याच्या वहींत नोंदलेलें असावें आणि शेजारच्या वस्तींतील शाळामास्तरांस ठाऊक असावें. नसेल तर तें मागून घेणें हा आगंतुकपणा नव्हे. अंजूरच्या एका रहिवाशानें पावणेतीनशेंहून अधिक वर्षांपूर्वीं परक्याच्या तटाआड काय आहे याचा माग काढला. आज तेथल्या रहिवाशानें स्वकीयाच्या भिंतीआड काय आहे एवढेंच विचारावयाचें आहे, आणि त्याला उत्तर देणें हें आपल्या राज्यकर्त्यांचें व व्यापाऱ्यांचें कर्तव्य आहे.